लीड्सच्या फेऱ्यांचा खर्च कंपनीवर कधीपर्यंत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंग्लंडमध्ये स्लाऊला राहणारे एक वाचक लिहितात: "पुण्याच्या आयटी कंपनीकडून ऑनसाइट आलो. आयएलआर (इंग्लंडमध्ये कायम राहायची परवानगी) मिळाल्यावर नोकरी सोडून स्वतःची लिमिटेड कंपनी काढली. १ ऑक्टोबर २०२३ पासून लीड्समधल्या एका मोठ्या क्लायंटकडे आहे. क्लायंटने माझं काम आयआर३५ च्या (कंपनी काढून काम करणारा खरंतर क्लायंटचा नोकरच आहे का, हे ठरवणाऱ्या करनियमाच्या) बाहेर ठरवलं आहे. सोमवारी पहाटे निघतो, दोन रात्री हॉटेलात काढतो, बुधवारी रात्री घरी येतो. गुरुवार-शुक्रवार घरून काम. तिकीट, हॉटेल, जेवण मिळून आठवड्याचे साधारण ३५० पौंड कंपनी देते. सहा-सहा महिन्यांची तीन कॉन्ट्रॅक्टं झाली. जानेवारीत मॅनेजरचा मेल आला की बजेट मंजूर झालं तर मार्च २०२६ अखेरपर्यंत तुम्ही हवे आहात. २० फेब्रुवारी २०२५ ला बारा महिन्यांच्या वाढीवर सही केली. माझ्या हिशेबाने करमुक्त प्रवासखर्चाचे २४ महिने ३० सप्टेंबरला भरतात. तोपर्यंत खर्च घ्यायचा, ऑक्टोबरात दिवाळीला महिनाभर पुण्याला जायचं आणि नोव्हेंबरपासून मोजणी नव्याने सुरू करायची, असा बेत आहे. एक मित्र म्हणतो, क्लायंटच्या ब्रॅडफर्डच्या इमारतीत बसायला माग. दुसरा म्हणतो, अम्ब्रेला कंपनीत (कॉन्ट्रॅक्टरला पगारावर ठेवून क्लायंटला पुरवणाऱ्या मध्यस्थ कंपनीत) जा. बायको म्हणते, हे सगळं करण्यापेक्षा लंडनमध्ये काम बघ. जून २०२५ उजाडला, काय करू?"

तुमचा बेत नीटनेटका आहे, पण त्यातली तारीख सात महिने उशिराची आहे. खर्चाची सवलत ३० सप्टेंबरला संपणार नाही. ती २० फेब्रुवारीला, तुम्ही सही केलीत त्या दिवशीच संपली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, "पण चोवीस महिने तर अजून झालेच नाहीत!" बहुतेकांची गडबड इथेच होते. चोवीस महिने हा रेशनकार्डावरच्या साखरेसारखा कोटा नाही, की आपल्या वाट्याचा उचलून घेतला आणि मग दुकान बंद. इन्कम टॅक्स (अर्निंग्ज अँड पेन्शन्स) ॲक्ट २००३ च्या कलम ३३९ मध्ये आजवर किती महिने झाले याला दुय्यम स्थान आहे. या ठिकाणी एकूण किती काळ काम होईल असं आज समंजसपणे धरता येतं, हे तिथे पाहतात, आणि तो काळ चोवीस महिन्यांहून जास्त असेल तर ते ठिकाण करापुरतं कायमचं ठरतं. एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, ४९० क्रमांकाच्या पुस्तिकेतही हेच आहे. अठरा महिन्यांसाठी पाठवलेल्या माणसाला दहा महिन्यांनंतर कळलं की मुक्काम अठ्ठावीस महिन्यांचा होणार, तर पहिल्या दहा महिन्यांचा खर्च ग्राह्य आणि कळल्या दिवसापासून पुढचा अग्राह्य. तुम्ही सतराव्या महिन्यात तीस महिन्यांवर सही केलीत. १ ऑक्टोबर २०२३ ते १९ फेब्रुवारी २०२५ चा खर्च ठीक आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. त्यानंतर लीड्स हे करापुरतं तुमचं कायमचं ऑफिस झालं, आणि घरून कायमच्या ऑफिसला जाण्याचा खर्च या देशात कुणालाच मिळत नाही.

जानेवारीचा मेल का धरायचा नाही, असं तुमच्या अकाउंटंटने विचारलं तर उत्तर त्या मेलमध्येच आहे: "बजेट मंजूर झालं तर". बजेट अडकलेलं असताना तीस महिने होतीलच असं धरणं घाईचं ठरलं असतं. त्यात ही अट नसती आणि तुम्ही "हो, आहे" असं उत्तर पाठवलं असतं, तर मी जानेवारीचीच तारीख धरली असती. सही हा पुरावा आहे. अपेक्षा सहीच्या आधीही बदललेली असू शकते. कॉन्ट्रॅक्टमध्ये चार आठवड्यांच्या नोटिशीचं कलम आहे म्हणून "उद्याचं काय सांगावं" असा युक्तिवाद बरेच जण करतात. तो टिकत नाही. नोटीस जवळजवळ प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये असते आणि ती मिळेल अशी अपेक्षा ठेवून कुणी सही करत नाही.

एक प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा. क्लायंटचा प्रोग्रॅम मुळात किती वर्षांचा होता, आणि २०२३ मध्ये मुलाखतीतच "शेवटपर्यंत राहाल ना?" असं ठरलं होतं का? सहा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं ही नुसती कागदी पद्धत असेल आणि तीन वर्षं राहायचं दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असेल, तर सवलत पहिल्या दिवसापासूनच नव्हती. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. पण फाइलमध्ये काय आहे ते बघून घ्या.

चोवीस महिने हक्काचे, ही समजूत बहुधा तुमच्या ऑनसाइटच्या दिवसांतली असावी. भारतातली नोकरी चालू ठेवून चोवीस महिन्यांच्या आतल्या मुदतीसाठी इंग्लंडला आलेल्याला राहण्या-फिरण्याच्या खर्चावर करसवलत मिळते. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांत ती "डिटॅच्ड ड्युटी रिलीफ" या नावाने ओळखीची आहे. पेरोलवाले ती लावायचे, आपण पे-स्लिप बघायचो, त्यामुळे ती दोन वर्षांची सरकारी भेट वाटत राहिली. तिच्याही मुळाशी हेच कलम ३३९ आहे. तिथेही डेप्युटेशन तीस महिन्यांचं झाल्याचं पत्र आलं की सवलत त्या तारखेला थांबते. फरक इतकाच, की तेव्हा तारखेवर दुसरं कुणीतरी लक्ष ठेवत होतं. आता तुमच्या कंपनीचं पेरोल खातं म्हणजे तुम्हीच.

आता पळवाटांकडे येऊ.

दिवाळीला पुण्याला जरूर जा, पण मोजणी पुसायला म्हणून जाऊ नका. कायदा बघतो तो "सलग कामाचा काळ", आणि त्यातलं सलग हे रोजच्या हजेरीशी बांधलेलं नाही. एखाद्या काळात एकूण कामाच्या वेळेपैकी ४० टक्के किंवा जास्त वेळ एका ठिकाणी गेला, की एचएमआरसी तो त्या ठिकाणचा सलग काळ धरते. रजा, आजारपण, मधला थोडा काळ दुसरीकडचं काम, हे सगळं त्या काळाच्या पोटात जातं. तुमचाच हिशेब बघा. तीस महिन्यांतला एक महिना वजा केला आणि उरलेल्या एकोणतीस महिन्यांत आठवड्याचे साठ टक्के लीड्स धरलं, तर एकूण प्रमाण ५८ टक्के भरतं. दोन महिने राहिलात तरी ५६.

ब्रॅडफर्डचंही तेच. ठिकाण बदललं तरी प्रवासात किंवा प्रवासखर्चात ठळक फरक पडत नसेल, तर तो बदल धरत नाहीत. स्लाऊहून पॅडिंग्टन, तिथून किंग्ज क्रॉस, तिथून लीड्सची गाडी, आणि पुढे ब्रॅडफर्डपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर. तिकिटाचे चार पैसे इकडे-तिकडे होतील, बाकी तुमचा सोमवार तसाच राहील. क्लायंटने तुम्हाला मँचेस्टरला पाठवलं तर गोष्ट वेगळी. गाडी यूस्टनहून, मार्ग वेगळा, भाडं वेगळं, आणि नव्या ठिकाणाची मोजणी नव्याने. हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो, आणि ते लोकांना माहीत नसतं. मोजणी क्लायंटची नाही, ठिकाणाची असते. हा क्लायंट सोडून लीड्समध्येच पलीकडच्या रस्त्यावर दुसरा धरलात, तर आधीचे महिने तुमच्यासोबत येतात.

अम्ब्रेलाचा सल्ला देणाऱ्या मित्राची माहिती २०१६ च्या आधीची आहे. ६ एप्रिल २०१६ पासून कलम ३३९ए लागू आहे. मध्यस्थ कंपनीमार्फत काम करणाऱ्याचं काम क्लायंटच्या देखरेखीखाली, सूचनेनुसार किंवा नियंत्रणात होत असेल, किंवा तसं नियंत्रण ठेवायचा हक्क क्लायंटला असेल, तर प्रत्येक असाइनमेंट ही वेगळी नोकरी समजली जाते. म्हणजे क्लायंटचं ऑफिस पहिल्या दिवसापासून कायमचं. अम्ब्रेलातले बहुतेक जण या व्याख्येत बसतात. लिमिटेड कंपनीवाल्यांना हे कलम आयआर३५ च्या आत असतानाच लागतं, म्हणूनच तुम्हाला आजवर खर्च घेता आला. पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी क्लायंटने स्टेटस "इनसाइड" केलं, तर चोवीस महिने, चाळीस टक्के ही चर्चाच उरत नाही. तेव्हा फक्त क्लायंटच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याला मिळाला असता तेवढाच खर्च चालतो, उदाहरणार्थ लीड्सच्या ऑफिसातून त्यांच्याच दुसऱ्या गावच्या डेटा सेंटरला जाण्याचा.

ही कंपनी बंद करून नवी काढायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. नोकरीचा सगळा किंवा जवळजवळ सगळा काळ एकाच ठिकाणी जाणार असेल, तर चोवीस महिन्यांची वाट न बघता ते ठिकाण कायमचं ठरतं. एका कॉन्ट्रॅक्टपुरती काढलेली आणि नंतर गुंडाळायची कंपनी नेमकी यात सापडते.

राहिला चाळीस टक्क्यांचा रस्ता. तो खरा आहे, पण वाटतो तितका सरळ नाही. तीनाचे दोन दिवस करून भागत नाही, कारण पाचातले दोन म्हणजे बरोबर चाळीस टक्के आणि नियम "चाळीस किंवा जास्त" असा आहे. पंधरवड्याला तीन दिवस केले तर तीस टक्के होतात. भागाकारात क्लायंटचेच दिवस नव्हेत, तर कंपनीसाठी केलेलं तुमचं सगळं काम येतं. दुसऱ्या ग्राहकाचं काम, हिशेब, कोटेशनं हे खरोखर करत असाल तर तेही मोजा, मात्र त्याची नोंद हवी. मोठी अडचण सरासरीची आहे. तुमचे एकवीस महिने साठ टक्क्यांनी गेलेत. उरलेले नऊ महिने आठवड्याला एकच दिवस लीड्सला गेलात, तरी तीस महिन्यांची सरासरी ४८ टक्के येते. पॅटर्न बदलला त्या दिवशी जुना काळ संपला, असं तुमचा अकाउंटंट मांडू शकेल. ते मान्य व्हायला बदल लेखी, कायमचा आणि कामाच्या गरजेतून झालेला दिसला पाहिजे. शिवाय चाळीसच्या खाली गेलं की जागा आपोआप तात्पुरती ठरत नाही. तिथे जाण्याचं कारणही ठरावीक मुदतीचं किंवा तात्पुरत्या स्वरूपाचं असावं लागतं. दर मंगळवारी वर्षानुवर्षं, शेवट न ठरवता एकाच ऑफिसात जाणारा माणूस वीस टक्क्यांवरही अडकू शकतो.

फेब्रुवारीपासूनच्या खर्चाचं मात्र या आठवड्यातच मनावर घ्या. पंधरा-सोळा आठवड्यांचे साडेपाच हजार पौंड कंपनीने दिले आहेत आणि ते करमुक्त नाहीत. कंपनीच्या दृष्टीने तो अजूनही धंद्याचाच खर्च आहे, कॉर्पोरेशन टॅक्समधली वजावट जात नाही. कर लागतो तो तुमच्या हातात आलेल्या पैशांवर. त्यात दोन ढीग करा. तुम्ही स्वतःच्या कार्डाने भरून कंपनीकडून वसूल केलेलं एका बाजूला. ते पगारासारखं धरलं जातं, पेरोलमधून कर आणि नॅशनल इन्शुरन्स लागतो, आणि मागचं करवर्ष ५ एप्रिलला संपल्यामुळे त्या वर्षाची दुरुस्ती वेगळी पाठवावी लागते. कंपनीच्या नावावर बुक करून कंपनीने थेट भरलेलं हॉटेल दुसऱ्या बाजूला. तो "बेनिफिट" होतो आणि पी११डी फॉर्मवर जातो. मात्र २०२४-२५ चा तेवढा भाग तुम्ही ६ जुलैपर्यंत खिशातून कंपनीला परत केलात, तर बेनिफिट शून्य होतो. तुमच्या बाबतीत त्या वर्षातले सहा-सात आठवडेच येतात, रक्कम फार मोठी नाही, त्यामुळे परत करून मोकळं होणं सोयीचं. काही अकाउंटंट सगळीच रक्कम डायरेक्टर्स लोन अकाउंटला (डायरेक्टरने कंपनीकडून घेतलेल्या उसन्याच्या खात्याला) टाकायला सांगतील. चालेल, पण कंपनीचं वर्ष संपल्यावर नऊ महिने आणि एका दिवसाच्या आत ते कर्ज फेडलं नाही, तर कंपनीला त्यावर (एप्रिल २०२६ च्या आधीच्या कर्जांच्या दराने) ३३.७५ टक्के जादा भरावे लागतात.

लपवण्यासारखं यात काही नाही आणि लपवू नये. एचएमआरसी साधारण चार वर्षं मागे जाऊ शकते, निष्काळजीपणा दिसला तर सहा. तुम्ही आपणहून, त्यांनी विचारायच्या आधी सांगितलंत, तर निष्काळजीपणाचा दंड शून्यापर्यंत खाली येऊ शकतो. त्यांनी शोधून काढल्यावर तसं होत नाही. "सॉफ्टवेअरने खर्च घेतला, लाल खूण आली नाही" हे उत्तर कामाचं नाही. सॉफ्टवेअरला तुमच्या सहीची तारीख माहीत नसते.

यापुढे प्रत्येक वाढीव कॉन्ट्रॅक्टच्या दिवशी अर्ध्या पानाची नोंद लिहून तारखेसह फाइलला लावत जा: आज एकूण मुक्काम किती होईल असं वाटतं, का वाटतं, आठवड्यातले किती दिवस कुठे. सोबत तो मेल. चौकशी होते तेव्हा हॉटेलच्या पावत्या सगळ्यांकडे असतात, हा कागद कुणाकडे नसतो. कंपनीचे कागद आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायचे असतात.

तुमच्यासारख्याच फेऱ्या करणाऱ्या, पण अजून चोवीस महिन्यांच्या अपेक्षेच्या आत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. स्वतःच्या गाडीने जात असाल तर कंपनी पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि पुढच्या मैलांना २५ पेन्स करमुक्त देऊ शकते. स्लाऊ ते लीड्स सुमारे २०० मैल. वर्षाच्या ४४ फेऱ्यांचे १७,६०० मैल झाले तर ४,५०० अधिक १,९००, म्हणजे ६,४०० पौंड. यात पेट्रोल, विमा, झीज सगळं आलं, वर पेट्रोलची पावती जोडायची नाही. जेवणासाठी एचएमआरसीचे ठरलेले दर आहेत: पाच तास किंवा जास्त बाहेर असाल तर ५ पौंड, दहा तास किंवा जास्त १०, आणि पंधरा तास किंवा जास्त बाहेर असून रात्री आठलाही प्रवास किंवा काम चालू असेल तर २५. पण त्या दिवशी खरोखर काही विकत घेऊन खाल्लेलं हवं. घरून पोळीभाजीचा डबा नेला आणि दहा पौंड लावले, हे बसत नाही. मुक्कामी असताना घरी फोन, वर्तमानपत्र अशा किरकोळीला इंग्लंडात रात्रीला ५ पौंड मिळतात, आणि सव्वापाच झाले तर वरचेच नव्हे, सगळे करपात्र होतात. हॉटेलऐवजी छोटा फ्लॅट भाड्याने घेता येतो, फक्त तो कामाच्या मुक्कामासाठीच हवा. शनिवार-रविवारी बायकामुलं येऊन राहू लागली की भाड्याचा हिशेब बिघडतो.

आणखी एक. हे सगळं कंपनीच्या डायरेक्टर-कर्मचाऱ्याचं झालं. सोल ट्रेडर म्हणून, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावावर, काम करणाऱ्यांना चोवीस महिन्यांचा नियम लागूच नाही, तिथे खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी होता का एवढंच बघतात. ते सोपं वाटतं, पण नाही. १९७१ च्या हॉर्टन विरुद्ध यंग खटल्यात साइट बदलत फिरणाऱ्या गवंड्याला घरापासूनचा प्रवास मिळाला. २०१४ च्या समाडियन खटल्यात मात्र एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) नोकरी करून खाजगी रुग्णालयांत नियमित रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना घर ते रुग्णालय हा प्रवास नाकारला गेला. घरी ऑफिसची खोली होती तरीही. इथे खाजगी प्रॅक्टिस करणारे मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत, त्यांनी हा निकाल अकाउंटंटकडून समजून घ्यावा.

आता तुमच्या निर्णयाकडे. सवलत गेली म्हणून कॉन्ट्रॅक्ट सोडावं का? आधी आकडा मांडू. वर्षाचे ४४ आठवडे, ३५० पौंड, म्हणजे १५,४०० पौंड. आजवर हे कंपनीच्या नफ्यातून सरळ जात होते. आता तेच १५,४०० तुम्ही डिव्हिडंड काढून भरलेत तर? २०२५-२६ च्या दरांनी, वरच्या टप्प्यातला डिव्हिडंड टॅक्स ३३.७५ टक्के धरला तर हातात १५,४०० यायला सुमारे २३,२५० पौंडांचा डिव्हिडंड लागतो. त्याआधी ५०,००० च्या वरच्या नफ्यावर २६.५ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स. म्हणजे कंपनीला सुमारे ३१,६०० कमवावे लागतील. पगार म्हणून पेरोलमधून काढलेत तर मालकाचा १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स धरूनही आकडा जवळपास तेवढाच, किंचित कमी येतो. फरक झाला १६,२०० चा. वर्षाच्या २२० दिवसांनी भागलं तर दिवसाला ७४ पौंड. लीड्सचं काम आता तुम्हाला दिवसाला ७४ पौंडांनी महागात पडतंय, हे डोळ्यासमोर ठेवून बोला.

तीन मार्ग दिसतात. पहिला, दर वाढवून घेणं. दुसरा, फेऱ्या कमी करणं. कर वाचला नाही तरी यात खर्चच उतरतो. आठवड्याला एकच दिवस, पहाटे जाऊन रात्री परत, असं केलंत तर हॉटेल जातं आणि आठवड्याचे साधारण तिकिटाएवढेच पैसे राहतात. करात किती वाचेल यापेक्षा लीड्सला खरंच तीन दिवस लागतात का, हा प्रश्न जास्त फायद्याचा. सोमवारच्या मीटिंगला तुम्ही खोलीत असणं क्लायंटला हवंय की ती सवय झाली आहे, हे तुम्हालाच माहीत.

तिसरा मार्ग सहसा कुणी सुचवत नाही. नियम उलट्या दिशेनेही चालतो. कॉन्ट्रॅक्ट खरोखरच ३० सप्टेंबर २०२५ ला संपवायचं क्लायंटशी लेखी ठरलं, तर एकूण मुक्काम चोवीस महिन्यांचा होतो, चोवीसच्या वर नाही. तसं ठरेल त्या दिवसापासून लीड्स पुन्हा तात्पुरतं, आणि उरलेल्या आठवड्यांचा खर्च पुन्हा ग्राह्य. फेब्रुवारीपासून मधल्या काळाचा मात्र परत मिळत नाही. आणि मनात "ऑक्टोबरात परत येऊच" असेल, तर कागदावरच्या तारखेला अर्थ नाही.

तुमच्या पत्नींचं म्हणणं मला इथे वजनदार वाटतं, आणि ते निव्वळ घरच्या कारणाने नाही. स्लाऊहून लंडनमधल्या सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टला जाणंही तात्पुरत्या ठिकाणचाच प्रवास आहे, कंपनीचं काम आयआर३५ बाहेर असेल तर एलिझाबेथ लाइनचं तिकीट कंपनी देऊ शकते. पण लीड्सला झाली तीच चूक लंडनमध्ये जास्त सहज होते. आधी लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या बँकेत एक वर्ष, मग कॅनरी व्हार्फच्या दुसऱ्या बँकेत दीड वर्ष. क्लायंट दोन, इमारती दोन, पण तुमची गाडी तीच, फक्त दोन स्टेशनं पुढे उतरायचं. हे एकच ठिकाण धरलं जायची दाट शक्यता आहे. म्हणून लंडनला गेलात तर पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या दिवशीच तारीख टिपून ठेवा, आणि दुसरं घेताना त्यात मिळवा.

मॅनेजरशी बोलताना करसवलत गेल्याचं कारण पुढे करू नका. तुमच्या कराचा प्रश्न क्लायंटचा नसतो, आणि त्यांच्या दरवाढीच्या मंजुरीत ते कारण बसत नाही. तीन दिवस समक्ष हवे असतील तर दिवसाचा दर ७५ पौंडांनी वाढवा, एक दिवस पुरत असेल तर आहे तोच दर चालेल, असे दोन पर्याय एकाच मेलमध्ये द्या. बारा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट हातात असल्यामुळे ते "नाही" म्हणू शकतात, म्हणून दुसरा पर्याय त्यांना पैशाशिवाय मिळतोय हे त्यात स्पष्ट दिसू द्या. उत्तर काहीही आलं तरी ते तारखेसह फाइलला लागू द्या.